फवारणीची वही

मुलांनो, जानेवारी महिना सरत आला की आपल्या बाजारात हिरव्या द्राक्षांच्या हातगाड्या दिसू लागतात. द्राक्षांना तुम्ही घरी अंगूर म्हणता. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी आणि चांदवड हे तालुके द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहेत. दक्षिणेकडे सांगली जिल्ह्यातील तासगावची द्राक्षेही तुम्ही ऐकली असतील. भारतात पिकणाऱ्या द्राक्षांत सर्वांत मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा आहे.

घरी आणलेल्या घडाकडे नीट पाहा. मण्यांवर पांढरट लव दिसते. ती पाहून पुष्कळ लोक म्हणतात, "ही फवाऱ्याची दवा आहे." खरे तर ही लव बहुतेक वेळा द्राक्षाचे स्वतःचे मेण असते. या मेणामुळे मण्यातील पाणी उडून जात नाही. बोट लागले की ते पुसले जाते. म्हणून परदेशी पाठवायचा घड मजूर फक्त देठाला धरून उचलतात. ज्या दवेची काळजी करायला हवी, ती मात्र सहसा डोळ्यांना दिसतच नाही. जिभेला तिची चव लागत नाही आणि नाकाला वासही येत नाही. मग ती आहे की नाही, हे शेतकऱ्याला कसे कळणार? आणि खाणाऱ्याला कसे कळणार?

आधी हे पाहू की, द्राक्षावर फवारणी करावीच का लागते. द्राक्षाची वेल मोठी नाजूक असते. वर्षातून तिची दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी घड तयार होतात. या चार महिन्यांत आभाळ भरून आले, रिमझिम पाऊस झाला किंवा पहाटे दव पडले की शेतकऱ्याची झोप उडते. ओल्या पानांवर केवडा नावाचा रोग येतो. हवा कोरडी असली तर भुरी येते. दोन्ही रोग बुरशीचे आहेत. बघता बघता घड काळे पडतात आणि वर्षभराची मेहनत मातीत जाते. मांडव, तारा, खते, मजुरी या सगळ्यासाठी कर्ज काढलेले असते. अशा वेळी शेतकरी रात्री बॅटरीच्या उजेडातसुद्धा फवारणी करतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

फवारलेले औषध फळावर कायम राहत नाही. ऊन, वारा आणि पाऊस यांमुळे ते कमी होते. वेल स्वतःही त्याचे हळूहळू विघटन करते. तरीही थोडा अंश मागे उरतो. या उरलेल्या अंशाला अवशेष म्हणतात. काही औषधे फळाच्या फक्त सालीवर राहतात. काही मात्र पानांतून, काड्यांतून आत शिरतात आणि रसाबरोबर वेलीभर फिरतात. त्यांना आंतरप्रवाही औषधे म्हणतात. घरी नळाखाली धुतल्याने सालीवरचा अंश पुष्कळसा निघतो, धूळमाती निघते, म्हणून फळे धुतलीच पाहिजेत. पण आत शिरलेले औषध धुऊन कसे निघणार? ते काम स्वयंपाकघरात होत नाही, बागेतच व्हावे लागते.

एका किलो फळात जास्तीत जास्त किती अवशेष चालेल, हे प्रत्येक देश ठरवतो. त्याला कमाल अवशेष मर्यादा म्हणतात. द्राक्ष बागायतदार तिला इंग्रजी आद्याक्षरांनी "एमआरएल" म्हणतात. युरोपातील देशांच्या मर्यादा फार कडक आहेत. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत औषधांचे अवशेष जास्त सापडले आणि आपल्याकडे खळबळ उडाली. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी नेमाने होऊ लागली. २००६ साली केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेने "ग्रेपनेट" नावाची व्यवस्था सुरू केली. या व्यवस्थेत निर्यातीसाठी द्राक्षे पिकवणाऱ्या प्रत्येक बागेची नोंदणी होते आणि तिला क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. नमुना पास झाला तरच माल पुढे जातो. लंडनच्या दुकानात ठेवलेल्या खोक्यावरून ती द्राक्षे कोणत्या गावच्या, कोणत्या बागेतील आहेत, हे शोधून काढता येते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. कोणती औषधे तपासायची, याची यादी तेथे तयार होते.

इतकी व्यवस्था असूनही २०१० साली मोठे संकट आले. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपले शेतकरी त्याला "सीसीसी" म्हणतात. हे कीडनाशक नाही आणि बुरशीनाशकही नाही. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ जोरात होते. ती थोडी रोखली तर काडीत घड चांगले तयार होतात, म्हणून हे रसायन फवारत असत. पुढच्या वर्षीच्या द्राक्षांपर्यंत ते पोहोचेल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण वेलीच्या लाकडात ते टिकून राहते. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्या वेळी त्याचे नावच नव्हते. त्यामुळे येथे नमुने पास झाले आणि तेथे नापास झाले. द्राक्षांनी भरलेले कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकून पडले. द्राक्षे काही धान्यासारखी थांबत नाहीत. निर्यातदारांचे पैसे बुडाले आणि त्यांच्यामागोमाग शेतकऱ्यांचेही.

त्या वेळी मर्यादा किती होती, हे ऐकण्यासारखे आहे. एका किलोला ०.०५ मिलिग्रॅम! एक किलो म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. दहा टन द्राक्षे भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्या द्राक्षांत मिळून अर्धा ग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका लहानशा चिमटीएवढे रसायन! ज्या औषधाचा वापर एखाद्या पिकावर मान्य नसतो, त्याची मर्यादा यंत्राला मोजता येईल इतकी खाली ठेवतात. म्हणून मर्यादा ओलांडली म्हणजे फळ लगेच विषारी झाले, असा अर्थ होत नाही. पण नियम तो नियम. त्यानंतर सीसीसीचा समावेश आपल्या तपासणीच्या यादीत झाला. माझ्या मते या घटनेत शेतकऱ्याचा दोष फार थोडा होता. त्याला जे शिकवले होते, तेच त्याने केले होते. शिकवणेच अपुरे पडले होते.

आता हे शिकवणे कसे चालते, ते पाहू. आपल्या देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात असे केंद्र आहे. तेथे शेतकऱ्यांची शिबिरे होतात. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघही चर्चासत्रे भरवतो. पण सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून केलेले भाषण जेवणानंतर कितीसे लक्षात राहते? मला स्वतःला शेतीशाळेची पद्धत जास्त आवडते. ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातशेतकऱ्यांसाठी सुरू झाली. तिच्यात वर्ग शेतातच भरतो आणि पीकच पुस्तक होते.

समजा, आपण नोव्हेंबरातील एका सकाळी निफाड तालुक्यातील अशाच शेतीशाळेत आलो आहोत. मांडवाखाली पंधरा-वीस शेतकरी बसले आहेत. कृषी विभागाच्या प्रशिक्षक बाई मध्ये उभ्या आहेत. त्यांनी प्रत्येकाला घरातील एकेक औषधाची बाटली आणायला सांगितले आहे.

"काका, तुमच्या हातातली बाटली कशाची?"

"केवड्याची आहे, मॅडम."

"आणि तिच्यात घटक कोणता आहे?"

काका बाटली डोळ्यांपासून लांब धरतात, मग जवळ आणतात. अक्षरे मुंगीएवढी आहेत. शेवटी ते म्हणतात, "चष्मा घरी राहिला बघा. पण दुकानदाराने सांगितले, एक नंबर औषध आहे."

सगळे हसतात. बाईही हसतात. मग शेजारी बसलेला त्यांचा नातू घटकाचे नाव वाचून दाखवतो. पलीकडच्या दादांच्या हातात वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची बाटली आहे. तिच्यावरही नेमके तेच नाव निघते!

"म्हणजे मी सोमवारी हे मारले आणि गुरुवारी ते मारले, तर एकच औषध दोनदा मारले की!" दादा म्हणतात.

त्या एका वाक्यात निम्मी शेतीशाळा झाली, असे म्हणायला हरकत नाही. बाजारात एकाच घटकाची अनेक नावे असतात. नाव पाहून फवारले तर हिशेब चुकतो. म्हणून वहीत कंपनीने दिलेल्या नावाबरोबर घटकाचे नावही लिहायचे.

मग बाई बाटलीवरील चौकटीतला त्रिकोण दाखवतात. लाल त्रिकोण असेल तर औषध अत्यंत विषारी. पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा त्याहून कमी आणि हिरवा सर्वांत कमी. हे रंग फवारणाऱ्याच्या जिवासाठी आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले होते, हे विसरून चालणार नाही. मुलांनो, औषधाची रिकामी बाटली कितीही चांगली दिसली, तरी तिच्यात पाणी किंवा रॉकेल भरून ठेवू नका. ती खेळायलाही घेऊ नका.

यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा धडा, प्रतीक्षा काळाचा. प्रतीक्षा म्हणजे इंतजार. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये जितके दिवस थांबायचे, तो काढणीपूर्व प्रतीक्षा काळ. प्रत्येक औषधाचा आणि प्रत्येक पिकाचा हा काळ वेगवेगळा असतो. बाई जमिनीवर काठीने रेघ ओढतात. रेघेच्या एका टोकाला गोडी छाटणीची तारीख, दुसऱ्या टोकाला काढणीची.

"काका, तुमची काढणी कधी?"

"वीस फेब्रुवारीला धरा."

"आणि या औषधाला चाळीस दिवस थांबायचे, असे समजा. मग शेवटची फवारणी कधी?"

काका बोटांवर मोजू लागतात. फेब्रुवारीचे वीस दिवस मागे गेले की एकतीस जानेवारी. आणखी वीस दिवस मागे गेले की अकरा जानेवारी. बाई रेघेवर त्या जागी एक दगड ठेवतात. "हा दगड ओलांडला, की ही बाटली कपाटात."

"आणि मॅडम, पंधरा जानेवारीला भुरी आली तर?"

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर "फवारू नका" एवढेच नसते. कमी दिवसांचा प्रतीक्षा काळ असलेले औषध कोणते, दाट पाने विरळ करून हवा खेळती ठेवता येईल का, रोग एका कोपऱ्यातच आहे का, हे सगळे पाहावे लागते. शेजारच्या बागेत कोणी फवारत असेल तर वाऱ्याबरोबर तो फवारा आपल्या घडांवरही येतो. म्हणून शेजाऱ्याशीही बोलावे लागते. मधल्या काळात बोलाचाल बंद असेल तर पंचाईत!

या सगळ्याची नोंद फवारणीच्या वहीत होते. नोंद म्हणजे उर्दूत इंदराज. तारीख, रोग किंवा कीड, औषधाचे नाव, घटक, लिटरला किती मिली, टाकीत किती पाणी, फवारणाऱ्याचे नाव आणि काढणीला लागणारे दिवस, इतके रकाने असतात. हिशेबाची वही ठेवण्याची सवय बागायतदारांना असते. या वहीचा मात्र सुरुवातीला कंटाळा येतो. काही जण तपासणीच्या आदल्या रात्री बसून सगळी वही एकाच पेनाने भरून टाकतात. अशी वही अनुभवी माणसाला लगेच ओळखू येते. खऱ्या वहीवर औषधाचे डाग असतात, पाने दुमडलेली असतात, कुठे निळी शाई तर कुठे पेन्सिल असते. आणि वही खरी असली तर तिचा फायदा शेतकऱ्यालाच होतो. नमुना नापास झाला तर कोणत्या दिवशी काय चुकले ते शोधता येते. थोडे थांबून पुन्हा नमुना देता येतो. वही नसेल तर नुसता कपाळावर हात!

आतापर्यंत आपण औषधांविषयी बोललो. पण फळे आणि भाज्या यांतून येणारा दुसरा धोका जुनाही आहे आणि तितकाच मोठाही. तो म्हणजे जंतू. या दोन्ही धोक्यांत एक फरक ध्यानात ठेवा. औषधाचा अंश दिवसागणिक कमी होत जातो. जंतू मात्र ओलावा आणि ऊब मिळाली की तासागणिक वाढत जातात. शिजवलेल्या भाजीतील जंतू उकळीने मरतात. पण हरा धनिया, मुळा, काकडी, टोमॅटो, पुदिना हे आपण कच्चेच खातो. बिर्याणीवर शेवटी पेरलेली कोथिंबीर आठवा. ती चुलीवर चढतच नाही.

२००६ सालची गोष्ट आहे. अमेरिकेत पालकाची कोवळी पाने धुऊन, पिशवीत बंद करून विकतात आणि लोक ती कच्ची खातात. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २६ राज्यांतील सुमारे २०० माणसे एकाच प्रकारच्या पोटाच्या आजाराने आजारी पडली. ३ जण दगावले. त्यांत एक दोन वर्षांचे मूल होते. ई. कोलाय ओ१५७:एच७ नावाचा जंतू या आजाराचे कारण ठरला. हा जंतू गाईगुरांच्या आतड्यांत राहतो. गुरांना त्याचा त्रास होत नाही, माणसाची मात्र मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १४ सप्टेंबरला सरकारने लोकांना पिशवीबंद पालक खाऊ नका, असे सांगितले. शोध घेत घेत अधिकारी कॅलिफोर्नियातील एका शेतापर्यंत पोहोचले. त्या परिसरातील गुरांच्या शेणात, नदीच्या पाण्यात आणि रानडुकरांच्या विष्ठेत तोच जंतू सापडला. तो पालकावर नेमका कोणत्या वाटेने आला, हे शेवटपर्यंत पक्के सांगता आले नाही. कारखान्यात पाने धुतली होती, तरीही हे घडले. एका शेतातील पाने हजारो पिशव्यांत मिसळली आणि दूरदूर पोहोचली.

या घटनेनंतर अमेरिकेत शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाला वेग आला. २०१५ साली ताज्या फळभाज्यांसाठी जो नियम झाला, त्यात प्रत्येक शेतावरील किमान एका जबाबदार माणसाने प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे, असे ठरले. कॉर्नेल विद्यापीठाच्या पुढाकाराने त्याचा अभ्यासक्रम तयार झाला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने लहान शेतकऱ्यांसाठी सुरक्षित फळे व भाज्या पिकवण्याची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. स्वतःची स्वच्छता राखा, शेतात जनावरांची विष्ठा येऊ देऊ नका, खत नीट कुजवूनच वापरा, सिंचनाचे पाणी पारखा आणि काढणीची साधने स्वच्छ व कोरडी ठेवा, अशी ती सूत्रे आहेत. ऐकायला सोपी वाटतात. पण एकेक घेऊन पाहा.

खताचेच पाहू. शेणखत हे आपल्या शेतीचे सोने आहे. पण ताजे शेण भाजीच्या वाफ्यात टाकले तर त्यातील जंतू पानापर्यंत पोहोचतात. ढीग नीट लागला आणि कुजू लागला की तो आतून इतका तापतो की हात घालवत नाही. सगळ्या ढिगाची उष्णता ५५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन काही दिवस टिकली, तर बहुतेक घातक जंतू मरतात. अडचण अशी की ढीग आतून तापतो, कडेने थंडच राहतो. म्हणून तो वरखाली करावा लागतो. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत तर न कुजवलेले खत घातल्यावर, मातीला लागणाऱ्या भाजीची काढणी १२० दिवस करता येत नाही. आपल्या मेथीचे पीक महिनाभरात हाती येते. म्हणजे मेथीला ताजे शेण चालणारच नाही, हे उघड आहे.

पाण्याची गोष्ट आणखी अवघड आहे. मोठ्या शहरांच्या आसपास सांडपाण्यावर पालेभाज्या पिकवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. काही ठिकाणी चांगल्या विहिरीवर पिकवलेली भाजीसुद्धा बाजारात नेण्याआधी नाल्यात बुचकळतात. का? तर माती निघावी आणि जुडी ताजी दिसावी म्हणून. म्हणजे स्वच्छ भाजी धुऊन घाण केली! प्रशिक्षणात शेतकऱ्यांना एक साधी गोष्ट सांगतात. शेवटी जे पाणी भाजीला लागते, ते पिण्यालायक असले पाहिजे. शिंपडलेले पाणी पानावर बसते, ठिबकचे पाणी मुळाशी जाते. म्हणून पाणी संशयास्पद असेल तर कच्च्या खाण्याच्या भाजीवर ते वरून शिंपडू नये.

आणि हात? याचा एक प्रयोग तुम्ही वर्गात करून पाहा. एका मुलाने खडूची पूड तळहाताला चोळावी. त्याने शेजाऱ्याशी हात मिळवावा, शेजाऱ्याने पुढच्याशी, अशी रांग पूर्ण करावी. मग शेवटच्या मुलाने काळ्या पाटीवर हात ठेवावा. पूड कितव्या हातापर्यंत दिसते ते मोजा. आता पूड दिसली नसती तर, असा विचार करा.

काढणी करणाऱ्या बहुतेक आपल्या मावश्या आणि ताया असतात. सकाळी सातला त्या शेतात येतात. हात साबणाने धुवा, असे त्यांना शिकवणे सोपे आहे. पण शेतात साबण कोठे आहे? नळ कोठे आहे? आणि शौचालय? बांधापलीकडे जाण्यावाचून जिला दुसरा उपाय नाही, तिला स्वच्छतेचे व्याख्यान देणे मला बरोबर वाटत नाही. चांगल्या प्रशिक्षणात हा धडा मजुरांच्या आधी मालकाला देतात. एका पिंपाला तोटी बसवली, खाली सांडपाण्याची बादली ठेवली आणि दोरीला साबण बांधला, की हात धुण्याची सोय होते. शौचालयाला खर्च येतो. पण औषधांच्या बाटल्यांना येतो त्यापेक्षा जास्त येत नाही.

त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे. जुलाब होत असतील किंवा कावीळ झाली असेल, तर त्या दिवशी भाजी-फळांना हात लावायचा नाही, असा नियम आहे. पण न आले तर रोज बुडतो. घरी चार तोंडे खाणारी असतात. मग मावशी आजार लपवून कामाला येतात. यावर काही बागायतदारांनी असा मार्ग काढला आहे की, आजारी बाईला त्या दिवशी फळाला हात न लावता येईल असे काम द्यायचे आणि रोज कापायचा नाही. जेथे ते शक्य नाही, तेथे नियमाचा फलक नुसता भिंतीवर राहतो.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. ही तपासणी, हे क्रमांक, ही वही परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी आहे. मग आपल्या हातगाडीवरच्या द्राक्षांचे काय? आपल्या देशातही अवशेषांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि बाजारांतून नमुने घेऊन ते तपासले जातात. पण प्रत्येक बागेचा नमुना घेतला जात नाही आणि हातगाडीवाल्याला बागेचा क्रमांक ठाऊक नसतो. तरी एक गोष्ट चांगली घडली आहे. ज्या शेतकऱ्याने निर्यातीसाठी वही ठेवायला शिकून घेतले, तो सहसा आपल्या सगळ्याच बागेची वही ठेवतो. त्याच बागेतील काही माल नाशिक, मालेगाव, मुंबईच्या बाजारातही येतो. आणि आता देशातील काही खरेदीदारही शेतकऱ्याला विचारू लागले आहेत, "वही आहे का?"

स्वाध्याय

१. द्राक्षे धुतली तरी सगळे औषध का निघत नाही?

२. २०१० साली आपल्याकडे नमुने पास झाले आणि युरोपात नापास झाले. असे का घडले?

३. एका शेतकऱ्याची काढणी ५ मार्चला आहे आणि औषधाचा प्रतीक्षा काळ ३० दिवस आहे. त्याने शेवटची फवारणी कोणत्या तारखेपर्यंत करावी? (वर्ष लीप वर्ष नाही असे समजा.)

४. तुमच्या ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना किंवा चाचांना विचारा : तुमची कोथिंबीर कोठून येते? ती कोणत्या पाण्याने धुतात? त्यांची उत्तरे मराठीत लिहून आणा.